होमस्टेचे बुकिंग आणि आंब्याच्या ऑर्डरी: झॅपियर की मेक हे ठरवण्याआधी

आपला प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर इतरांनाही समजेल. वेळणेश्वरच्या बाजूला आपले चार खोल्यांचे घरगुती निवास आहे आणि हंगामात आपण घरच्या बागेतल्या हापूसच्या पेट्या पुण्या-मुंबईला पाठवता. विचारणा व्हॉट्सॲपवर, इन्स्टाग्रामवर, फोनवर आणि दोन बुकिंग संकेतस्थळांवरून येते. सासरे फोनवर होकार देऊन भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करतात, आपण मोबाइलमधल्या नोंदी पाहून उत्तर देता, आणि संकेतस्थळांचे काम आपले यजमान चिपळूणची नोकरी सांभाळून करतात. गेल्या मे महिन्यात एकच खोली दोन कुटुंबांना दिली गेली. दीर म्हणतात झॅपियर घ्या, भाचा म्हणतो मेक फुकट मिळते. ही दोन्ही साधने एका ॲपमधली माहिती दुसऱ्या ॲपकडे आपोआप पोचवतात. यांपैकी काय घ्यावे, आणि ते घेतल्यावर ही सगळी ॲप एकमेकांना जोडली जातील का, असे आपण विचारले आहे.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत होमस्टेचालक, आंबा बागायतदार आणि लहान दुकानदार यांना अशी व्यवस्था लावून देण्याचे काम मी करतो. आपल्यासारखी अडचण मला वारंवार दिसते. आपल्या घरी एकाच खोलीचा हिशोब तीन ठिकाणी ठेवला जातो आणि त्यांतले कोणते खरे मानायचे हे कुणी ठरवलेले नाही. मे महिन्यातला घोटाळा तिथून झाला. ती तिन्ही ठिकाणे कोणत्याही साधनाने आज जोडली, तर चुकलेली नोंद तिन्हीकडे अधिक वेगाने पोचेल, एवढाच फरक पडेल. म्हणून मी आधी नोंद कुठे राहील ते ठरवतो, मग कोणते काम यंत्राकडे द्यायचे ते ठरवतो, आणि साधनाचे नाव सर्वांत शेवटी घेतो. या उत्तराचा क्रमही तोच ठेवला आहे.

किती ऑटोमेशन हवे हे कामाच्या आकारावर अवलंबून असते, हे आधीच मान्य केले पाहिजे. दिवसाला दोन-चार विचारणा येत असतील आणि त्या सगळ्या व्हॉट्सॲपवरच येत असतील, तर व्हॉट्सॲप बिझनेस आणि घरातल्या सर्वांना दिसणारे एक गुगल कॅलेंडर एवढ्यावर चोख काम होते, त्यासाठी काहीही जोडण्याची गरज नसते. उलट दहा-बारा खोल्या असतील आणि त्या चार-पाच संकेतस्थळांवर लावलेल्या असतील, तर हाताने जोडकाम करत बसू नये; संकेतस्थळांशी थेट बोलणारी चॅनेल मॅनेजर नावाची तयार सेवा विकत घ्यावी. आपण या दोन टोकांच्या मधोमध आहात. चार खोल्या, दोन संकेतस्थळे आणि वर आंब्याचा हंगाम, एवढ्या कामाला साध्या साधनांची जोडणी पुरते आणि ती घरच्या घरी सांभाळताही येते.

नोंदीचे एकच ठिकाण म्हणून मी गुगल शीट सुचवीन आणि त्या शीटमध्ये शिरण्याची एकच वाट म्हणून गुगल फॉर्म. फॉर्ममध्ये नाव, मोबाइल क्रमांक, असल्यास ई-मेल, येण्याची तारीख, जाण्याची तारीख, मोठी माणसे किती, लहान मुले किती, जेवण शाकाहारी की मासळीचे, एवढेच विचारावे. पाहुण्याने फॉर्म भरला तर उत्तमच, पण त्याने इन्स्टाग्रामवर चार ओळी लिहून विचारले तरी आपण स्वतः तोच फॉर्म त्याच्या वतीने उघडून भरायचा. ही शिस्त कंटाळवाणी वाटते, परंतु पुढची सगळी व्यवस्था तिच्यावर उभी आहे. यंत्राला शीटमधली ओळ दिसते, फोनवर झालेले बोलणे दिसत नाही.

सासरे फॉर्म भरणार नाहीत असे आपण लिहिलेच आहे, आणि त्यांनी तो भरावा असा आग्रह मी धरणार नाही. वर्षानुवर्षे येणारी माणसे त्यांनाच फोन करतात आणि त्यांच्या शब्दावर विसंबतात, ही आपल्या व्यवसायाची मोठी पुंजी आहे. त्यांच्याकडे एकच मागणे करावे, की फोनवर लगेच होकार न देता ‘तारखा बघून अर्ध्या तासात सांगतो’ एवढे म्हणावे आणि आपल्याला हाक मारावी. कालनिर्णयावरची खूणही राहू द्यावी. फक्त ती बुकिंग शीटमध्ये पक्के झाल्यानंतर व्हावी. म्हणजे भिंतीवरचे कॅलेंडर शीटची नक्कल होईल आणि वीज नसताना तेच उपयोगी पडेल.

आता कॅलेंडरची मांडणी. इथे बहुतेक जण घाई करतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. गुगल कॅलेंडरमध्ये प्रत्येक खोलीसाठी वेगळे कॅलेंडर करावे, म्हणजे चार कॅलेंडरे, आणि त्याशिवाय ‘विचारणा’ या नावाचे पाचवे. बुकिंग संकेतस्थळे आपल्या कॅलेंडरची एक लिंक घेतात आणि त्यातल्या भरलेल्या तारखा त्यांच्याकडे बंद करतात. चारही खोल्या एकाच कॅलेंडरमध्ये ठेवल्या, तर एका खोलीचे बुकिंग होताच संकेतस्थळावर बाकीच्या तीन खोल्याही बंद दिसतील. विचारणेचे कॅलेंडर वेगळे ठेवण्यामागचे कारणही हेच आहे. पक्क्या न झालेल्या तारखा खोलीच्या कॅलेंडरमध्ये गेल्या, तर कुणीतरी नुसते विचारून गेले म्हणून खोली विनाकारण अडून राहील. खोलीच्या कॅलेंडरमध्ये शीर्षक म्हणून पाहुण्याचे पूर्ण नाव आणि मोबाइल लिहू नये, शीटमधल्या ओळीचा क्रमांक लिहावा; ती लिंक बाहेरच्या सेवेकडे जाणार आहे आणि तिला तारखांपलीकडे काहीही कळण्याची गरज नाही.

अशी मांडणी झाली की यंत्राने करायचे काम सोपे उरते. फॉर्म भरला गेला की विचारणेच्या कॅलेंडरमध्ये त्या तारखांची नोंद व्हावी, घरातल्या तिघांना एक सूचना जावी, आणि पाहुण्याने ई-मेल दिला असेल तर ‘आपली विचारणा मिळाली, संध्याकाळपर्यंत कळवतो’ अशी पोच जावी. इथे यंत्राने थांबावे. खोली पक्की झाल्याचा निरोप यंत्राने पाठवू नये, असे माझे ठाम मत आहे. मागच्या दाराच्या खोलीतला पंप बिघडला आहे, गणपतीत सगळे चाकरमानी घरी येणार असल्याने दोन खोल्या घरच्यांसाठी हव्यात, किंवा विचारणारी दहा मित्रांची टोळी शेजारच्या कुटुंबाला त्रास देईल, हे शीटला ठाऊक नसते. आपण शीटमधल्या ‘स्थिती’ या रकान्यात ‘पक्के’ निवडाल आणि खोलीचे नाव लिहाल, तेव्हाच दुसऱ्या टप्प्याने ती नोंद विचारणेच्या कॅलेंडरमधून काढून खोलीच्या कॅलेंडरमध्ये घालावी. ती घालण्याआधी त्या खोलीत त्याच रात्री दुसरे कुणी आहे का, एवढे मात्र यंत्राने जरूर तपासावे आणि असल्यास ओळ लाल करावी. हे तपासण्यात ते माणसापेक्षा भरवशाचे असते.

माहिती नेहमी एकाच दिशेने वाहू द्यावी, हा या कामातला माझा पक्का नियम आहे. पाटाचे पाणी विहिरीकडून माडाकडे जाते, माडाकडून विहिरीत परतत नाही, तशी नोंद शीटकडून कॅलेंडरकडे जावी. कॅलेंडरमध्ये बदल केला की शीटही बदलावी अशी हौस अनेकांना असते. त्यातून मग शीट कॅलेंडरला बदलते, कॅलेंडर पुन्हा शीटला, आणि हा फेरा रात्रभर चालून जोडणीच्या साधनाने महिन्याला दिलेला सगळा फुकट कोटा सकाळपर्यंत संपतो. बदल करायचा तर शीटमध्येच करायचा.

तारखांच्या बाबतीत तीन जागा अशा आहेत, जिथे नवखा माणूस हमखास अडतो. पहिली जागा शीटच्या सेटिंगमधला लोकेल, म्हणजे तारीख कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायची ते ठरवणारा पर्याय. तो अमेरिकेचा राहिला असेल, तर ०५/०४ ही आपली पाच एप्रिल शीटला चार मे वाटते आणि कुठलीही सूचना न देता पुढे तशीच जाते. फाइल मेनूतल्या सेटिंगमध्ये लोकेल भारत आणि वेळक्षेत्र कोलकात्याचे करावे. दुसरी जागा जोडणी करणाऱ्या साधनाचे स्वतःचे वेळक्षेत्र. आपली वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे दहा मेच्या मध्यरात्रीची नोंद त्या घड्याळात नऊ मेच्या संध्याकाळी साडेसहाला पडते, आणि पूर्ण दिवसाची नोंद मग एक दिवस आधी दिसू लागते. मालवणकडच्या एका होमस्टेमध्ये सगळे पाहुणे कॅलेंडरनुसार आदल्या दिवशी येत होते. कारण फक्त एवढेच होते. तिसरी जागा जाण्याची तारीख. हाताने कॅलेंडरमध्ये पूर्ण दिवसांची नोंद करताना शेवटची तारीख धरली जाते, पण साधनातून नोंद करताना ती धरली जात नाही. होमस्टेला हे सोयीचेच आहे, कारण दहाला आलेला आणि बाराला जाणारा पाहुणा दहा आणि अकरा या दोनच रात्री खोलीत असतो. म्हणून साधनाला जाण्याची तारीख आहे तशीच द्यावी, त्यातून एक दिवस वजा करू नये. मोबाइल क्रमांकाचा रकानाही आधीच साध्या मजकुराचा करून ठेवावा, नाहीतर शीट त्याला आकडा समजते आणि सुरुवातीचे शून्य किंवा +९१ मधले अधिकचिन्ह गळून पडते.

आता व्हॉट्सॲपकडे वळतो, कारण आपली सर्वांत मोठी अपेक्षा त्याच्याकडून आहे. मोबाइलमधल्या साध्या व्हॉट्सॲपवर आलेला संदेश झॅपियर किंवा मेक परस्पर वाचू शकत नाही. त्यासाठी कंपनीची व्यवसायांसाठीची वेगळी व्यवस्था घ्यावी लागते. तिच्यात ग्राहकाच्या शेवटच्या संदेशापासून चोवीस तासांपर्यंतच मोकळेपणाने उत्तर देता येते आणि त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेल्या साच्यातलेच संदेश पाठवता येतात. चार खोल्यांच्या निवासाला हा व्याप मी सुचवणार नाही. ब्राउझरमध्ये बसवून व्हॉट्सॲप वेबवरून आपोआप संदेश पाठवणारी जी फुकट साधने मिळतात, ती तर अजिबात वापरू नयेत. ती नियमबाह्य आहेत आणि त्यांच्यामुळे क्रमांकच बंद होऊ शकतो. जो क्रमांक गेली कितीतरी वर्षे पाहुण्यांच्या फोनमध्ये जतन आहे, तो असा धोक्यात घालण्याइतका कोणताही फायदा त्यात नाही.

व्हॉट्सॲप बिझनेस हे साधे ॲप मात्र जरूर घ्यावे. ते भारतात २०१८ पासून फुकट मिळते आणि त्यातल्या तीन सोयींनी आपले निम्मे काम हलके होईल. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला आपोआप जाणारा स्वागत संदेश असतो, त्यात फॉर्मची लिंक द्यावी. क्विक रिप्लाय या सोयीत दर, जेवणाची माहिती, चिपळूण स्थानकावरून गुहागरमार्गे यायचे कसे, अशी उत्तरे साठवून ठेवता येतात आणि तिरकी रेघ टाकून एका शब्दात बोलावता येतात. लेबलांनी विचारणा, आगाऊ रक्कम बाकी आणि पक्के अशी गप्पांची वर्गवारी होते. तोच क्रमांक जोडलेल्या उपकरणांच्या सोयीने आपल्या यजमानांच्या संगणकावरही उघडता येतो, आणि मुख्य फोन बंद पडला तरी जोडलेले उपकरण काही दिवस चालू राहते. ज्या गावात रेंज डोंगराच्या आड जाते, तिथे ही सोय मोठी आहे.

संकेतस्थळांचे गणित वेगळे आहे. कॅलेंडरच्या लिंकने जोडलेल्या तारखा लगेच पोचत नाहीत. संकेतस्थळे ती लिंक ठरावीक तासांनी वाचतात, आणि संकेतस्थळाची लिंक गुगल कॅलेंडरमध्ये घातली तर तिथला बदल दिसायला बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो. एरवी हा उशीर चालून जातो. नाताळ ते नववर्ष, दिवाळीची सुट्टी आणि मे महिना या दिवसांत मात्र नेमक्या त्याच तासांत दुसरे बुकिंग होते. यावर माझा उपाय तांत्रिक नाही. गर्दीच्या या तारखांना दोन खोल्या फक्त संकेतस्थळांवर ठेवाव्यात आणि त्याही प्रत्येकी एकाच संकेतस्थळावर. उरलेल्या दोन खोल्या फोनवाल्या जुन्या पाहुण्यांसाठी राखाव्यात. अशा वाटणीमुळे तारखा उशिरा पोचल्या तरी नुकसान होत नाही. थोडे उत्पन्न कदाचित हातचे जाईल, परंतु रात्री आठ वाजता लहान मुलांसह दारात उभ्या असलेल्या कुटुंबाला दुसरीकडे पाठवण्यापेक्षा ते बरे.

सूचना लवकर मिळण्यासाठी मात्र एक सोपी वाट आहे. बुकिंग होताच संकेतस्थळ ई-मेल पाठवते. जीमेलमध्ये फिल्टर करून अशा पत्रांना ‘बुकिंग’ हे लेबल लावावे आणि त्या लेबलाखाली पत्र आले की त्याची विषयओळ घरातल्या तिघांच्या टेलिग्राम गटात जाईल एवढी जोडणी करावी. टेलिग्राम अशासाठी, की त्याचे बॉट, म्हणजे आपोआप संदेश टाकणारी खाती, फुकट आहेत आणि जवळपास प्रत्येक साधनाशी सहज जोडले जातात. पत्राच्या मजकुरातून तारीख, नाव आणि रक्कम वेगळी काढून शीटमध्ये आपोआप भरण्याचा मोह टाळावा. संकेतस्थळ आपल्या पत्राची मांडणी कधीही बदलते आणि मग नावाच्या रकान्यात रक्कम येऊ लागते. सूचना वाचून आपण फॉर्म भरावा, त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

इथपर्यंतचे एका दमात सांगायचे तर शीट हे एकमेव खरे ठिकाण, फॉर्म ही तिची वाट, कॅलेंडर तिची नक्कल, आणि होकार माणसाचा. आता साधनाचे नाव घेता येईल.

आपले सगळे काम गुगलच्याच सेवांमध्ये होणार आहे, त्यामुळे माझी पहिली पसंती गुगल ॲप्स स्क्रिप्टला आहे. ती शीटच्या मेनूतच असते, तिला पैसे पडत नाहीत आणि फॉर्म भरताच ती लगेच चालते. साध्या जीमेल खात्यातून तिने दिवसाला १०० जणांपर्यंत पत्रे पाठवता येतात, म्हणजे आपल्या गरजेच्या कितीतरी पट. अडचण एवढीच, की थोडा कोड लिहावा लागतो. भाचा संगणकाचे शिक्षण घेत असेल, तर वर सांगितलेले काम त्याच्या आवाक्यातले आहे. फक्त प्रत्येक ओळीवर तिने काय होते ते मराठीत लिहून ठेवायला सांगावे, म्हणजे तो परगावी गेल्यावर दुसऱ्याला ते समजेल.

कोड नको असेल तर मेक घ्यावे. जुन्या व्हिडिओंत इंटिग्रोमॅट हे नाव ऐकलेत, तर ते हेच साधन, २०२२ मध्ये त्याचे नाव बदलले. भाचा म्हणतो तशी त्याची फुकट योजना आहे आणि मी हे लिहितो आहे तेव्हा तिच्यात महिन्याला १,००० क्रिया मिळतात. हा आकडा मोठा वाटतो, पण तो कसा खर्च होतो हे पाहायला हवे. शीटमध्ये नवी ओळ आली का, हे मेक ठरावीक वेळाने जाऊन बघते, आणि काही सापडले नाही तरी ती फेरी एक क्रिया म्हणून मोजली जाते. दर १५ मिनिटांनी बघायला सांगितले तर तासाला ४, दिवसाला ९६ आणि महिन्याला २,८८० फेऱ्या होतात; म्हणजे एकही पाहुणा न येता कोटा दहा-अकरा दिवसांत संपतो. तासाला एकदा बघायला सांगितले तर ७२० होतात आणि खऱ्या कामाला थोड्या क्रिया उरतात. रात्री अकरा ते सकाळी सहा ही फेरी बंद ठेवली तर आणखी दोनशेच्या आसपास वाचतात. याउलट वेबहुक नावाच्या पद्धतीत समोरची सेवाच बातमी कळवते, त्यामुळे रिकाम्या फेऱ्या होत नाहीत. ज्या सेवेत ती सोय असेल तिथे तीच निवडावी.

झॅपियर हाताळायला सर्वांत सोपे आहे आणि दिरांनी ते सुचवले यात चूक नाही. ते रिकाम्या फेऱ्या मोजत नाही, फक्त पूर्ण झालेली कामे मोजते. परंतु त्याच्या फुकट योजनेत महिन्याला १०० कामे आणि दोनच पायऱ्यांची साखळी मिळते, आणि आपल्या कामाला कॅलेंडर, सूचना आणि पोच अशा किमान तीन पायऱ्या पुढे हव्यात. त्यासाठी महिन्याचे पैसे डॉलरच्या हिशोबाने भरावे लागतात. चार खोल्यांच्या निवासाला, तेही पावसाळ्याचे महिने जवळजवळ रिकामे जात असताना, तो खर्च मला पटत नाही. इफ्ट (IFTTT) हे साधन घरातली उपकरणे आणि फोन यांच्यासाठी चांगले, या कामासाठी तोकडे. एनएटएन (n8n) हे असेच जोडणीचे साधन स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते आणि ताकदवान आहे, पण सर्व्हर सांभाळणारा माणूस घरात नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. या सगळ्यांच्या योजना आणि मर्यादा बदलत असतात, तेव्हा खाते उघडण्याच्या दिवशी त्यांच्या दरपत्रकावर नजर टाकावी.

आंब्याच्या पेट्यांना हीच पद्धत लागू पडते, पण शीट वेगळी ठेवावी. फॉर्ममध्ये नाव, मोबाइल क्रमांक, ई-मेल, पूर्ण पत्ता, पिनकोड, पेटी किती डझनाची आणि कोणत्या पंधरवड्यात हवी, हे विचारावे. नेमकी तारीख विचारू नये, कारण फळ तयार होणे आपल्या हातात नसते आणि यंत्राच्या तर मुळीच नसते. स्थितीच्या रकान्यात मागणी, पैसे आले, रवाना आणि पोचली असे चार टप्पे ठेवावेत. ‘रवाना’ निवडताच ग्राहकाला ट्रान्सपोर्टच्या पावतीचा क्रमांक, आणि पेटी आल्याबरोबर उघडून आंबे हवेशीर जागी पसरून ठेवावेत ही सूचना ई-मेलने जाऊ द्यावी. या जोडणीत ‘निरोप गेला’ असा एक रकाना अवश्य असावा, जो यंत्रानेच भरायचा आणि पुन्हा पाठवण्याआधी तपासायचा. नाहीतर कुणी चुकून स्थिती मागेपुढे केली की एकाच ग्राहकाला तीनदा पेटी निघाल्याचे कळते आणि तो तीन पेट्यांची वाट बघतो. मोबाइलवर एसएमएस पाठवण्याची कल्पना आपण मांडली आहे. व्यवसायाने एसएमएस सेवेतून असे निरोप पाठवायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार आधी नोंदणी आणि मजकुराची मंजुरी लागते. एका हंगामासाठी ते करण्यापेक्षा व्हॉट्सॲपवरचा क्विक रिप्लाय हाताने पाठवणे सोपे.

पैशांच्या बाबतीत मी अधिक सावध राहायला सांगेन. वैयक्तिक यूपीआयवर आलेली रक्कम शीटला आपोआप कळवणारी सरळ सोय नाही. पेमेंट गेटवेची, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेची, लिंक वापरली तर पैसे जमा होताच वेबहुकने बातमी मिळते, पण गेटवे आपले शुल्क कापून घेते. आगाऊ रकमांची संख्या मोठी असेल तरच ते परवडते. बँकेचे एसएमएस वाचून शीटमध्ये टाकणारी ॲप मिळतात, ती कृपया बसवू नका. बँकेचा ओटीपीही एसएमएसनेच येतो आणि अशा ॲपला सगळे एसएमएस वाचायची परवानगी द्यावी लागते. ग्राहकाने पाठवलेल्या पावतीच्या चित्रावरून ‘पैसे आले’ असे लिहू नये, खाते उघडून रक्कम पाहूनच लिहावे.

पाहुण्यांच्या आधार कार्डाच्या प्रतीही या साखळीत येऊ देऊ नयेत. ओळखपत्र पाहुणा आल्यावर बघावे आणि नोंदवहीत नोंद करावी. फॉर्ममध्ये आधारचे छायाचित्र मागितले की ते शीट, जोडणीचे साधन आणि ई-मेल अशा तीन-चार ठिकाणी पडून राहते, आणि २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानंतर अशा माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर आहे. शीटचे शेअरिंगही ‘लिंक असलेला कुणीही’ असे न ठेवता घरातल्या तीन पत्त्यांपुरते ठेवावे.

वीज आणि रेंज यांच्याबद्दल आपण काळजी व्यक्त केली आहे, ती रास्त आहे. ही जोडणी आपल्या घरातल्या संगणकावर चालत नाही, ती गुगलच्या किंवा मेकच्या सर्व्हरवर चालते. त्यामुळे घरी वीज नसतानाही विचारणा नोंदली जाईल आणि पोचही जाईल. मात्र ती बघायला घरात कुणी उपलब्ध नसेल. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड भागात कितीतरी दिवस वीज नव्हती, हे आपल्याला आठवत असेलच. म्हणून सूचनेच्या टेलिग्राम गटात आपल्या पट्ट्याबाहेर राहणारे एक माणूस अवश्य असावे; आपले यजमान चिपळूणला असतात, पण वादळ तिथेही पोचते, तेव्हा पुण्याचे दीर अधिक योग्य. पोचेच्या मजकुरात ‘संध्याकाळपर्यंत’ ऐवजी पावसाळ्यापुरते ‘दोन दिवसांत’ असे करावे.

खाती कुणाच्या नावावर आहेत हाही प्रश्न आत्ताच सोडवा. फॉर्म, शीट, कॅलेंडरे आणि मेकचे खाते हे सगळे निवासाच्या स्वतंत्र जीमेल खात्यावर असावे, भाच्याच्या नव्हे. त्या खात्याला द्विस्तरीय पडताळणी लावावी. खात्याचा पासवर्ड बदलला की जीमेलला जोडलेल्या साधनांची परवानगी रद्द होते आणि जोडणी मुकाट्याने थांबते, तेव्हा पासवर्ड बदलला त्याच दिवशी ती पुन्हा जोडून द्यावी. शीटमधल्या रकान्यांची नावे मध्येच बदलली किंवा नवा रकाना मधोमध घुसवला तरी असेच होते. नवा रकाना नेहमी उजवीकडे शेवटी घालावा. बिघाडाची पत्रे साधन ज्या पत्त्यावर पाठवते तो पत्ता कुणीतरी रोज उघडणारा असला पाहिजे, कारण सलग चुका झाल्या की मेक आणि झॅपियर दोन्ही ती साखळी आपणहून बंद करतात.

हे सगळे उभे करायला ऑगस्ट हा महिना चांगला. पर्यटक कमी असतात आणि दिवाळीची विचारणा सुरू व्हायला अवकाश असतो. सुरू करण्याआधी तीन खोटी बुकिंगे घालून पाहावीत. पहिले ३१ तारखेला येऊन पुढच्या महिन्याच्या २ तारखेला जाणारे, म्हणजे महिना ओलांडताना तारखा नीट पडतात का ते कळेल आणि कॅलेंडरमध्ये नेमक्या दोनच रात्री दिसल्या पाहिजेत. दुसरे त्याच खोलीत त्याच रात्रीचे, जे ‘पक्के’ करताच ओळ लाल झाली पाहिजे आणि खोलीच्या कॅलेंडरमध्ये काहीही जाता कामा नये. तिसरे पहिला पाहुणा ज्या दिवशी जातो त्याच दिवशी येणारे, आणि ते मात्र बिनतक्रार पक्के झाले पाहिजे. ते अडले, तर जाण्याची तारीख कुठेतरी मुक्कामाची रात्र म्हणून मोजली जात आहे असे समजावे आणि वर सांगितलेली तिसरी जागा पुन्हा तपासावी. ही तिन्ही पार पडल्यावर त्या ओळी पुसाव्यात, विचारणेचे आणि खोल्यांचे कॅलेंडर रिकामे करावे, आणि मगच स्वागत संदेशात फॉर्मची लिंक घालावी.